देवाला वळवण्याचे शब्द आणि शिकागो विद्यापीठाचा मराठी कोशसंग्रह: एक परीक्षण

देवाला आपल्या बाजूला वळवून घ्यायचे म्हटले तर मराठीत एका शब्दावर भागत नाही. नवस बोलावा लागतो, गाऱ्हाणे घालावे लागते, कौल लावावा लागतो, साकडे घालावे लागते, ग्रह वक्र असतील तर त्यांची शांती करावी लागते, आणि एवढे करून देव पावलाच तर बोललेला नवस फेडावा लागतो. हे शब्द आपण एकाच अर्थाचे समजून वापरतो, पण त्यांची कुळे वेगवेगळी आहेत आणि देव व माणूस यांच्यात नेमका कोणता व्यवहार चालला आहे हे प्रत्येक शब्द वेगळेपणाने सांगतो. ही कुळे शोधायची असतील तर शिकागो विद्यापीठाने ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या नावाने खुला ठेवलेला कोशसंग्रह ही घरबसल्या मिळणारी सर्वांत भरवशाची सोय आहे, असे माझे मत झाले आहे. अशा संग्रहाची पारख त्यातल्या शब्दसंख्येवरून करण्यापेक्षा एखादे अवघड शब्दकुल घेऊन करावी, म्हणून या परीक्षणासाठी मी देवाला प्रसन्न करण्याचेच शब्द निवडले आहेत.

संग्रहाला शुल्क नाही आणि नावनोंदणीही करावी लागत नाही. मराठीचे पाच कोश त्यात आहेत: मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, वझे यांचा १९११ चा शालेय मराठी-इंग्रजी कोश, दाते आणि कर्वे यांच्या संपादक मंडळाचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, ज्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आणि पुरवणी १९५० मध्ये निघाली, मॅक्सिन बर्नसन यांचा मराठी शिकणाऱ्यांसाठीचा १९८२–८३ चा छोटा कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९ चा कोश. याच ठिकाणी टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोशही आहे. तो मराठीचा नाही, पण व्युत्पत्तीच्या प्रश्नात शेवटी त्याच्याकडेच जावे लागते. वझे आणि बर्नसन यांचे कोश त्यांच्या मूळ वाचकांसाठी चांगले आहेत, परंतु आपल्या कामासाठी ते अपुरे पडतात, म्हणून त्यांच्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

मोल्सवर्थकडे मात्र थांबलेच पाहिजे. लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आलेल्या जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साह्याने आणि मराठी पंडितांच्या श्रमावर हा कोश उभा केला. पहिली आवृत्ती १८३१ मध्ये निघाली, आणि दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. या कोशाचा जो गुण देवविषयक शब्दांच्या अभ्यासकाला सर्वाधिक उपयोगी पडतो, त्याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. नामाचा अर्थ देताना मोल्सवर्थ पुष्कळदा ते नाम कोणत्या क्रियापदांबरोबर चालते हेही नोंदवतो. मराठीत अर्थ निम्मा नामात आणि निम्मा क्रियापदात असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नोंदींचे मोल कळेल. नवस ‘करता’ येतो, पण खरा रूढ प्रयोग ‘बोलणे’ हा आहे. गाऱ्हाणे आणि साकडे ‘घालायचे’ असते. कौल ‘लावायचा’ किंवा ‘मागायचा’ असतो आणि देवाने तो ‘द्यायचा’ असतो. नवसाचे सारे बळ उच्चारात आहे, मनात धरलेली इच्छा म्हणजे नवस नव्हे, हे ‘बोलणे’ या एका क्रियापदाने जितके स्पष्ट होते तितके लांबलचक व्याख्येनेही होत नाही.

आता नवस या शब्दाचे मूळ. संस्कृतात या अर्थाला ‘उपयाचित’ असा शब्द आहे, आणि त्यात याचना, म्हणजे मागणे, उघड दिसते. मराठीने तो शब्द न घेता ‘नमस्’ पासून आपला शब्द घडवला. मधल्या ‘म’चा ‘व’ होणे ही मराठीची जुनी रीत आहे: नाम–नाव, ग्राम–गाव, जामातृ–जावई ही तिची रोजची उदाहरणे, आणि नमस्–नवस हे त्याच ओळीतले. म्हणजे ज्या शब्दात आज आपल्याला अटी, देवाणघेवाण आणि फेड ऐकू येते, त्याच्या मुळाशी केवळ वाकणे आहे, नमस्कार आहे. देवापुढे वाकून जे बोलले ते नवस, आणि पुढे वाकणे विसरले जाऊन बोललेले तेवढे उरले. तुकारामांच्या काळापर्यंत, म्हणजे सतराव्या शतकात, हा शब्द व्यवहाराच्या अर्थाने इतका पक्का झाला होता की नवसाने मुले होत असतील तर पती करण्याची गरजच काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी अभंगातून विचारला. ती टीका नमस्कारावर नाही, सौद्यावर आहे.

नवसाचा दुसरा टोकाचा शब्द ‘फेडणे’. कर्ज फेडावे, ऋण फेडावे, पांग फेडावे, तसाच नवस फेडावा, म्हणून हा शब्द सावकारीतून आला असावा असे सहज वाटते. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’सारखा मोठा कोश हाताशी असण्याचा फायदा इथे दिसतो. सव्वा लाखाहून अधिक शब्दांच्या या कोशात एका शब्दाचे सर्व अर्थ क्रमाने मांडलेले असतात, पुष्कळ ठिकाणी जुन्या वाङ्मयातले वेचे दिलेले असतात, आणि शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते. अशा रचनेत ‘फेडणे’चा जुना अर्थ नजरेतून सुटत नाही: दूर करणे, सोडवणे, उतरवणे. लुगडे फेडणे, संशय फेडणे हे प्रयोग त्याच अर्थाचे. तेव्हा नवस फेडणारा माणूस देवाची रक्कम चुकती करतो असे म्हणण्यापेक्षा, बोललेल्या शब्दाने स्वतःवर जे बंधन घालून घेतले ते तो उतरवतो, असे म्हणणे शब्दाच्या अधिक जवळचे आहे. कर्जाचा अर्थही त्याच वाटेने आला, कारण कर्ज हेही बंधनच.

मधला शब्द ‘पावणे’, आणि माझ्या मते या सगळ्या शब्दकुलातला तो सर्वांत सुंदर शब्द आहे. तो संस्कृत प्र + आप् पासून, प्राकृताच्या वाटेने आला. मूळ अर्थ पोहोचणे, येऊन मिळणे. पत्र पावले, पैसे पावले, पावती मिळाली, आणि देव पावला, हे सर्व एकाच धातूचे. देव प्रसन्न झाला म्हणजे काय झाले, तर तो पोहोचला. तुलनेसाठी इंग्रजीतला ‘प्रोपिशिएट’ हा शब्द पाहण्यासारखा आहे, कारण देवाला शांत व अनुकूल करून घेणे याच अर्थाचे ते क्रियापद सोळाव्या शतकापासून इंग्रजीत रुळलेले आहे. ते लॅटिन ‘प्रोपिटिउस’ म्हणजे अनुकूल, कृपाळू, यापासून निघाले, आणि त्याची फोड सामान्यतः ‘प्रो’ म्हणजे पुढे व ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्याकडे जाणे, मागणे, अशी केली जाते. ‘पेतेरे’चा मूळ धातू आपल्या ‘पत्’ या धातूचा सगोत्र आहे, ज्यापासून पत्र, पतंग आणि पतन हे शब्द झाले. म्हणजे रोमन माणसाचा अनुकूल देव हा पुढे झेपावणारा देव होता, आणि आपला देव पोहोचणारा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कृपेला गतीची कल्पना दिली, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

संस्कृताने मात्र वेगळा मार्ग धरला. ‘प्रसन्न’ हा शब्द प्र + सद् पासून आहे, आणि पाण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ गाळ खाली बसून निवळलेले, नितळ असा होतो. प्रसाद म्हणजे आधी ती निवळ, ती मनाची स्वच्छता, मग तिच्यातून येणारी कृपा, आणि त्यानंतर त्या कृपेची खूण म्हणून हातावर पडणारा पदार्थ. ‘शांती’ शम् धातूची, म्हणजे निवणे, विझणे. वास्तुशांती, ग्रहशांती, उदकशांती हे विधी कोपाची आग विझवण्याच्या कल्पनेवर उभे आहेत. ‘आराधना’ राध् धातूची, संतुष्ट करण्याची, आणि तुळजाभवानीच्या भक्तांचे ‘आराधी’ हे नाव त्याच घराण्यातले. हे तत्सम शब्द मोल्सवर्थने संस्कृताच्या खुणेसह दिलेले आहेत, पण त्यांची अशी फोड पाहायची तर संस्कृत कोशाकडे जावे लागते. आपट्यांचा संस्कृत कोशही याच संग्रहात असल्याने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाण्याइतकाच तो त्रास आहे.

मला सर्वाधिक समाधान मिळाले ते ‘कौल’ या शब्दापाशी. कोकणात आणि गोव्यात देवाच्या मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवून त्यांतली उजवीकडची आधी पडते की डावीकडची यावरून देवाचे उत्तर ओळखण्याची जी रीत आहे, तिला कौल लावणे म्हणतात. रीत इतकी देशी आहे की शब्दही तसाच असेल असे वाटावे. पण तो अरबी आहे: ‘कौल’ म्हणजे बोल, शब्द, वचन. मराठी राज्यकारभारात ओसाड गाव पुन्हा वसवण्यासाठी रयतेला कमी साऱ्याची हमी दिली जाई, तो कौल. ती हमी ज्या कागदावर लिहिली जाई तो कौलनामा. सरकारने रयतेला द्यायचे अभयवचन आणि देवाने भक्ताला द्यायचे उत्तर यांना मराठी माणसाने एकच शब्द वापरला, यात देवाचे दरबारी रूप किती स्वाभाविकपणे स्वीकारले गेले होते ते दिसते. आज निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे ‘मतदारांचा कौल’ असे छापतात, तेव्हा तोच शब्द तिसऱ्या धन्याकडे गेलेला असतो. कोश पाहताना एक सावधगिरी बाळगावी: छपरावरचे कौल हा निराळा, नपुंसकलिंगी शब्द आहे, आणि घाईने वाचणाऱ्याची दोन्हींत गल्लत होण्याचा संभव आहे.

‘धरणे’ हाही असाच. ऋणको पैसे देत नसेल तर धनको त्याच्या दाराशी उपाशी बसून राही, त्याला धरणे धरणे म्हणत. तेच धरणे भक्त देवाच्या दारात धरी, इच्छा पुरी होईपर्यंत किंवा दृष्टान्त होईपर्यंत अन्न न घेता. नवसात माणूस देवाचा देणेकरी असतो आणि धरण्यात देव माणसाचा, असा या दोन शब्दांतला फरक आहे. ‘बली’कडे पाहिले तर संस्कृतातच त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात, देवाला द्यायचे अर्पण आणि राजाला द्यायचा कर, ‘रघुवंशा’त दिलीप राजा प्रजेकडून घेतो तो बली हा करच आहे. एवढे शब्द ओळीने तपासल्यावर माझी खात्री झाली की देवाला राजी करण्याची मराठी भाषा पूजाघरापेक्षा ओसरीवर, चावडीवर आणि दरबारात अधिक घडली. कोशांच्या एकाच नोंदीत देवाचा आणि माणसाचा अर्थ खाली-वर वाचायला मिळतात, म्हणूनच हे दिसू शकते. नुसत्या पारिभाषिक किंवा धार्मिक कोशात देवाचा अर्थ तेवढा उचललेला असतो आणि दुसरे अंग झाकले जाते.

‘गाऱ्हाणे’ याच म्हणण्याला बळ देते. शब्द संस्कृत ‘गर्हण’चा, म्हणजे दोष देणे, निंदणे, मराठीत त्याचा अर्थ तक्रार असा झाला. कोकणातला गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून जे गाऱ्हाणे घालतो, त्यात स्तुतीपेक्षा हक्काचे मागणे असते, आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. ‘साकडे’ हे ‘संकट’चेच घरगुती रूप आहे, मूळ अर्थ अरुंद, अडचणीची जागा. देवाला साकडे घालणे म्हणजे आपली अडचण त्याच्या अंगावर टाकणे, त्यालाही आपल्याबरोबर अडचणीत घेणे.

गाऱ्हाण्याच्या निमित्ताने संग्रहाची उणीवही सांगितली पाहिजे. ‘महाराष्ट्र शब्दकोश’ प्रादेशिक शब्दांना कोकण, गोवा, वऱ्हाड, नागपूर अशी संक्षिप्त खूण लावतो, आणि तेवढ्याने शब्द कोठला ते कळते. पण विधी कसा होतो, कोण करतो, कोणत्या प्रसंगी करतो, हे कोशाकडून अपेक्षिता येत नाही. त्यासाठी महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ किंवा मराठी विश्वकोश जवळ ठेवावा. शिवाय हे सर्व मोठे कोश विसाव्या शतकाच्या मध्यापाशी थांबतात. मुंबईत लालबागच्या गणपतीपुढे आज ‘नवसाची रांग’ आणि ‘मुखदर्शनाची रांग’ अशा दोन रांगा लागतात. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या उत्सवाने ‘नवसाला पावणारा’ हे विशेषण घरोघरी नेले. रांगेला नवसाचे नाव मिळाले, हा शब्दाचा नवा प्रवास कोणत्याही जुन्या कोशात सापडणार नाही.

मोल्सवर्थ वाचताना त्याच्या इंग्रजीबद्दल सावध राहावे. तो मनापासून धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता, आणि देवाला अर्पण, नैवेद्य, पूजा अशा नोंदींत जिथे मराठी वाचक ‘देव’ म्हणेल तिथे त्याचे इंग्रजी ‘मूर्ती’ अशा काहीशा तुटक अर्थाचा शब्द वापरते. हा दोष त्या काळाचा आहे, पण नुसत्या इंग्रजी अर्थावरून मराठी शब्दाचा भाव ठरवणाऱ्याची त्यात फसगत होते. उलट दिशेनेही हीच अडचण आली होती. ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या ‘प्रोपिशिएशन’ या कल्पनेसाठी मराठी बायबलात ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आढळतो. नवस, शांती, आराधना हे शब्द हाताशी असूनही ते तिथे बसत नव्हते, कारण त्यांत पापाच्या भरपाईची कल्पना नाही. अनुवादकांची ही निवड मला अचूक वाटते.

शोधाची सोय चांगली आहे. शब्द देवनागरीत देता येतो आणि रोमन लिपीतही; केवळ शीर्षशब्दांत शोधता येते किंवा नोंदींच्या संपूर्ण मजकुरात; शब्दाची सुरुवात, शेवट किंवा नेमका शब्द असेही बंधन घालता येते. संपूर्ण मजकुरात शोधण्याची सोय हीच या संग्रहाची खरी ताकद आहे, आणि ती छापील प्रतीत मिळणे शक्यच नाही. मोल्सवर्थच्या कोशात ‘प्रोपिशिएट’ हे इंग्रजी क्रियापद मजकुरात शोधावे, म्हणजे ज्या मराठी शब्दांचा अर्थ देताना त्याला ते वापरावेसे वाटले ते शब्द एकत्र समोर येतात, आणि मराठी-इंग्रजी कोश काही क्षणांसाठी इंग्रजी-मराठी होतो. दाते-कर्वे यांच्या कोशात ‘नवस’ हा शब्द मजकुरात शोधावा. ज्या वस्तूंच्या, विधींच्या आणि सणांच्या व्याख्येत नवस दडलेला आहे त्या नोंदी अशाच हाती लागतात.

मात्र जुने लेखन लक्षात ठेवावे लागते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश त्याआधीचे आहेत, म्हणून गाऱ्हाणें, साकडें, धरणें, फेडणें, पावणें असे शेवटच्या अनुस्वारासह शब्द द्यावेत. ‘ऱ्ह’ हे अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे गाऱ्हाण्यासारखा शब्द रोमन लिपीत शोधणे अधिक सोयीचे. दुसरी अडचण संक्षेपांची. दाते-कर्वे यांच्या नोंदीतली ग्रंथांची आणि प्रदेशांची संक्षिप्त नावे सवयीशिवाय उलगडत नाहीत, आणि मोल्सवर्थच्या खुणाही त्याच्या प्रस्तावनेशिवाय कळत नाहीत. त्या याद्या एकदा शांतपणे वाचून घेतल्या तर पुढचे वाचन सोपे होते.

व्युत्पत्तीच्या बाबतीत दाते-कर्वे यांच्या चौकटी कंसावर एकट्यावर विसंबू नये. तिथे मूळ शब्द दिलेला असतो, पण तो कोणत्या पायऱ्यांनी मराठीत आला हे फार थोड्या ठिकाणी दिसते. टर्नर त्या पायऱ्या दाखवतो आणि शेजारच्या भाषांतली भावंडेही देतो. ‘संकट’ किंवा ‘गर्हण’ यांचा वंश त्याच्याकडे पाहिला म्हणजे साकडे आणि गाऱ्हाणे एकटे वाटत नाहीत. टर्नरमध्ये फारसी-अरबी शब्द मात्र नाहीत, तेव्हा ‘कौल’साठी पुन्हा मोल्सवर्थकडेच यावे लागते, कारण अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी शब्दांवर तो वेगवेगळ्या खुणा करतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ या संग्रहात नाही, आणि ज्याला हे काम नियमित करायचे आहे त्याने त्याची छापील प्रत मिळवावी, असे मी आग्रहाने सुचवीन.